भंडारा रोड ते भंडारा

नागपूरहून गोंदियाकडे निघालेली गाडी तासाभरात एका स्थानकावर थांबते. फलाटावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते – ‘भंडारा रोड’. नवखा प्रवासी सामान घेऊन लगबगीने उतरतो, बाहेर येतो आणि भंडारा शहर कोणत्या बाजूला आहे, अशी चौकशी करतो. तेव्हा त्याला कळते की, आपण उतरलो ते गाव वरठी आहे. भंडारा येथून दहाएक किलोमीटर पुढे आहे. तेथे पोहोचायचे तर ऑटो पाहावा लागेल किंवा एस.टी.ची वाट पाहावी लागेल. पाटी खोटी नसते. भंडाऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही आला आहात, एवढेच ती सांगत असते. मुक्काम आला असे समजून तेथेच पथारी पसरणाऱ्याची मात्र फसगत ठरलेली.

या स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर झालेले एक संभाषण काही केल्या मनातून जात नाही. धानाची कापणी आटोपत आली होती. पलीकडच्या पोलाद कारखान्यातली पाळी सुटून कामगार घराकडे निघाले होते. ओळखीचा एक तरुण कार्यकर्ता भेटला. तिशी ओलांडलेला, २०१४ पासून प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसलेला, मतदारयाद्या घेऊन उन्हातान्हात घरोघर फिरलेला. पद मागितले नाही, कंत्राट मागितले नाही. चहाचा पेला हातात धरून तो शांतपणे म्हणाला, “काकाजी, आता पुढच्या निवडणुकीत मी बूथवर नाही बसत. माणूस बदलून पाहिला, पक्ष बदलून पाहिला. माझ्या आजोळी पाटचारी खोदली तवा मी शाळेत होतो. आता माझा पोरगा शाळेत जाते. पाटचारीत पाणी नाही, नुसती बेशरम उगवली आहे. मतानं सरकार बदलते, हे मले समजलं. पण हे सारं कशानं बदलते, ते सांगा.”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ‘धीर धर, हळूहळू होईल’ असे काहीतरी मी पुटपुटलो आणि गाडी आली म्हणून सुटलो. परंतु ज्याने काहीही न मागता दहा वर्षे दिली, त्याच्या प्रश्नाला असे टाळून चालत नाही. तो एकटाही नाही. सर्व पक्षांत, सर्व जिल्ह्यांत असे निराश कार्यकर्ते आज भेटतात. त्यांची निराशा हे लोकशाहीचे खरे नुकसान आहे. कारण स्वार्थी माणूस निवडणुकीला कधीच कंटाळत नाही, कंटाळतो तो निःस्वार्थी.

अकरा निवडणुका, आठ खासदार

प्रथम त्या तरुणाचे गाऱ्हाणे वस्तुस्थितीवर घासून पाहू. भंडारा जिल्ह्यातील पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली यावी, हा संकल्प. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्चाचा आकडा पुढे १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. धरणाची भिंत उभी राहिली, गावे उठली, पाणी अडले. पण ते पाणी शेवटच्या बांधीपर्यंत नेणाऱ्या कालव्यांचे, वितरिकांचे आणि पाटचाऱ्यांचे काम पिढी उलटली तरी रेंगाळत राहिले. वर नागपूर शहराचे सांडपाणी नागनदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तेथून याच जलाशयात येते. ज्यांच्यासाठी पाणी अडवले त्यांना ते पुरेसे मिळाले नाही आणि जे मिळाले ते निर्मळ राहिले नाही.

आता निवडणुकांचा हिशेब मांडा. १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१८ ची पोटनिवडणूक, २०१९ आणि २०२४. भूमिपूजनानंतर पूर्वीच्या भंडारा आणि २००९ पासूनच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात लोकसभेसाठी अकरा वेळा मतदान झाले. आठ वेगवेगळे खासदार निवडून आले. काँग्रेस आली, भाजप आला, राष्ट्रवादी आली, पुन्हा भाजप, पुन्हा काँग्रेस. मतदारांनी कोणालाही आंदण दिले नाही. मोठ्या नावाचा मुलाहिजा ठेवला नाही. २००४ मध्ये आणि २०१४ मध्ये प्रफुल्ल पटेल यांच्यासारख्या वजनदार नेत्यालाही घरी बसवले. २०१४ मध्ये निवडून आलेल्या नाना पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून सरकारवर नाराज होऊन २०१७ च्या डिसेंबरात राजीनामा दिला, तेव्हा पोटनिवडणुकीत पुन्हा वेगळा कौल दिला. लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात जागरूक मतदाराचे जे वर्णन असते, ते भंडाऱ्याच्या मतदाराला तंतोतंत लागू पडते.

असे असूनही पाटचारी कोरडी का? मतदार चुकला म्हणून नव्हे. मतपत्रिका एकच प्रश्न विचारते – कोण? कालव्याचा प्रश्न ‘कोण’ हा नाही, ‘कसे’ हा आहे. निविदा कशा निघतात, भूसंपादन का अडते, वनजमिनीची परवानगी कोणाच्या टेबलावर पडून राहते, झालेले काम मोजतो कोण, निकृष्ट काम पुन्हा करून घेतो कोण – हे प्रश्न मतदान यंत्रावर नसतात. शिवाय प्रतिनिधीची मुदत पाच वर्षांची आणि कालव्याची पस्तीस. धरणाच्या भिंतीचे छायाचित्र निघते, पाटचारीच्या दुरुस्तीचे निघत नाही. ज्याचे छायाचित्र निघते ते काम आधी होते. यात प्रत्येक पुढारी दुष्टच असला पाहिजे, असे नाही. जे मागितले जाते, ते तो देतो. आणि आपण काय मागतो? निवडणूक जवळ आली की धानाच्या बोनसची घोषणा होते, थकलेले चुकारे खात्यात जमा होतात, आणि पाटचारीचा विषय पुढाऱ्याच्या आधी आपणच सोडून देतो.

१९५४ आणि १९५६

याच भंडाऱ्याने देशाला या विषयावरचा एक मोठा धडा दिलेला आहे. दुर्दैवाने तो फारसा आठवला जात नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले. तेव्हा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता विजयी झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे उमेदवार भाऊराव बोरकर यांनी बाबासाहेबांचा पराभव केला. ज्यांनी या देशाला प्रौढ मताधिकाराची घटना दिली, त्यांना त्याच मताधिकाराने दोन वर्षांत दुसऱ्यांदा लोकसभेबाहेर ठेवले.

एखाद्याने त्या क्षणी लोकशाहीला शिव्या घातल्या असत्या, तर तो समजण्यासारखा संताप ठरला असता. बाबासाहेबांनी तसे केले नाही. राजकीय समता आली तरी सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली, तर ही विसंगती राजकीय लोकशाहीलाच उद्ध्वस्त करील, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात दिला होता. मताधिकाराची मर्यादा त्यांना पराभवानंतर कळली नव्हती. ती त्यांना आधीपासून ठाऊक होती. भंडाऱ्याच्या पराभवानंतर अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येथून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९५४ ची निवडणूक बाबासाहेब जिंकले असते, तर लोकसभेत एक प्रखर आवाज वाढला असता. त्याचे मोल मोठेच असते. पण पूर्व विदर्भातील हजारो झोपड्यांत जे आत्मभान जागले, अंधश्रद्धेची आणि लाचारीची कामे नाकारण्याचे जे बळ आले, मुलामुलींना शाळेत घालण्याचा जो ध्यास निर्माण झाला, तो १९५४ च्या मतपेटीतून निघाला नव्हता. तो १९५६ च्या संकल्पातून निघाला. सरकारने दिलेला तो लाभ नव्हता. समाजाने स्वतःला लावून घेतलेली ती शिस्त होती. व्यवस्था परिवर्तन म्हणजे काय, याचे याहून ठसठशीत उदाहरण आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात शोधावे लागेल.

घरचा आहेर

दुसऱ्यांच्या चुका दाखवणे सोपे. आत्मपरीक्षण आपल्या घरापासून केले पाहिजे.

ज्या पिढीने आणीबाणी भोगली, तिला १९७७ चा मार्च आठवत असेल. जयप्रकाशजींनी ५ जून १९७४ रोजी पाटण्यात संपूर्ण क्रांतीची हाक दिली. त्या हाकेला ओ देऊन हजारो तरुण तुरुंगात गेले. मिसाखाली घरातील कर्ता पुरुष स्थानबद्ध झाला म्हणून कित्येक कुटुंबे हलाखीत गेली. मग मतपेटीने चमत्कार केला आणि जनता पक्षाचे सरकार आले. संपूर्ण क्रांतीला सत्ता मिळाली, असे सर्वांना वाटले. सव्वादोन वर्षांत ते सरकार भांडणात कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिराजींना पुन्हा निवडून दिले. क्रांती सत्तेत गेली आणि सत्तेतच विरघळली.

स्वतंत्र विदर्भाचे घ्या. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. भाजपच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने १९९७ मध्ये भुवनेश्वरला तसा ठराव केला. २०१४ मध्ये केंद्रात आणि राज्यात एकाच वेळी सत्ता आली, मुख्यमंत्रीही नागपूरचे होते. ठराव ठरावच राहिला. वेगळे राज्य असावे की नसावे, यावर दुमत असू शकते. पण ज्या कार्यकर्त्याने तो ठराव खरा मानून चौकाचौकात सांगितला, त्याला कोणीतरी उत्तर देणे लागते.

सिंचनाचेही तसेच. २०१२ ची श्वेतपत्रिका आणि चितळे समितीचा २०१४ चा अहवाल यांवरून राज्यभर रान उठले. त्या निवडणुकीत हा विषय घेऊन आपला तरुण कार्यकर्ता दारोदार गेला. नंतर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने चौकशी केली, गुन्हेही नोंदवले. आरोपांची शहानिशा न्यायालये करतील. तो येथे विषय नाही. परंतु ज्या पक्षाच्या कारभारावर बोट ठेवून आपण मते मागितली, त्याच पक्षाचा मोठा गट जुलै २०२३ मध्ये सत्तेत आपल्या शेजारी येऊन बसला. आकड्यांच्या राजकारणात अशी वेळ येते, असे नेते सांगतात. ते खरेही असेल. पण गावात त्याच मतदाराच्या ओट्यावर पुन्हा जाऊन उभा राहणारा नेता नसतो. तेथे कार्यकर्ता उभा राहतो. त्याची जीभ तेथे का अडखळते, हे वरच्या मंडळींनी एकदा खाली येऊन ऐकले पाहिजे.

रागाच्या दोन वाटा

या निराशेतून दोन वाटा फुटतात आणि दोन्ही वाटा पूर्व विदर्भाने पाहिलेल्या आहेत.

पहिली वाट बंदुकीची. मतपेटी हे ढोंग आहे, तिच्यावर बहिष्कार घाला आणि शस्त्राने व्यवस्था बदला, असे सांगत १९८० च्या सुमारास नक्षलवादी गडचिरोलीच्या जंगलात उतरले. गोंदियापर्यंत त्यांची छाया पसरली. काय बदलले? ज्या आदिवासींच्या नावाने हे चालले होते, त्यांचीच पोरे खबरे म्हणून मारली गेली, शाळा आणि रस्ते अडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक प्राणास मुकले. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या चळवळीचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. चार-साडेचार दशकांच्या रक्तपातानंतर त्या वाटेवर कोणतेही गाव आले नाही.

दुसरी वाट घरी बसण्याची. मतदानाला जायचे नाही, किंवा गेले तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबून मन मोकळे करायचे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात ‘नोटा’ चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिले. निकालावर त्याचा परिणाम शून्य. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार आमदार झालाच. उलट, २०२४ मध्ये साकोली विधानसभेचा निकाल अवघ्या २०८ मतांनी लागला, हे भंडारा जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणजे ज्याला आपण क्षुल्लक समजतो, ते मत क्षुल्लक नसते.

मतपेटी नसेल तर काय होते, हे आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत या देशाने अनुभवले. रक्त न सांडता राज्यकर्ता बदलण्याची एवढी मोठी सोय मानवजातीला क्वचितच लाभली आहे. तिचा अव्हेर करणे हा कृतघ्नपणा ठरेल. मात्र जी सोय राज्यकर्ता बदलण्यासाठी आहे, तिच्याकडून राज्यपद्धती बदलण्याची अपेक्षा ठेवली की निराशा अटळ होते. दोष सोयीचा नाही. भंडारा रोडला भंडारा समजणाऱ्याचा तो दोष आहे.

पुढचे दहा किलोमीटर

मग पुढचे दहा किलोमीटर कसे जायचे? याचेही उदाहरण दूर नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने वर्षानुवर्षे एकच व्रत पाळले – सर्वांनी मिळून बसायचे, अभ्यास करायचा आणि सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा. वनहक्क कायदा संसदेने २००६ मध्ये केला. तो निवडून आलेल्या प्रतिनिधींनीच केला, हे विसरता येणार नाही. पण कायदा देशातील लाखो गावांसाठी होता. मेंढ्याची ग्रामसभा आधीपासून जागी होती, म्हणून तिने कागदपत्रे तयार केली, दावा दाखल केला आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरीही बांबू विकण्यासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना लागे. गाव भांडत राहिले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. संसदेने स्थानक बांधले. पुढचा रस्ता गावाने आपल्या पायांनी कापला. जी गावे स्थानकावरच बसून राहिली, त्यांच्यासाठी तोच कायदा कागदावर राहिला.

भंडाऱ्याच्या मामा तलावांची कथा याची दुसरी बाजू दाखवते. माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांचा आश्रय आणि कोहळी समाजाचे कौशल्य यांतून ते शतकानुशतके उभे राहिले. १९५० च्या दशकारंभी मालगुजारी रद्द झाली. ती रद्द व्हायलाच हवी होती. ती शोषणाची पद्धत होती. तलाव सरकारजमा झाले. मात्र त्यासोबत गावाची जबाबदारीही सरकारजमा झाली. पाळीची माती कोण टाकणार, गाळ कोण काढणार, पाण्याची पाळी कोण लावणार, हे पूर्वी गाव ठरवीत असे. आता ‘तलाव सरकारचा’ म्हणून गाव बाजूला झाले आणि सरकारला प्रत्येक बोडीवर लक्ष ठेवायला सवड नव्हती. एका उत्तम राजकीय सुधारणेने, तिच्या जोडीला सामाजिक रचना न उभी राहिल्यामुळे, एक नांदती व्यवस्था गाळात गेली. पुढे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गोंदिया जिल्ह्यात धीवर समाजाच्या मच्छीमारांना बरोबर घेऊन काही तलावांत बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. त्यासाठी कोणाला निवडून यावे लागले नाही.

आता आपल्या स्वतःच्या गावाकडे वळू. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक पुरतात. मोठ्या गावात केवळ शंभर! एका मोठ्या गावाच्या ग्रामसभेला मी एकदा मुद्दाम जाऊन बसलो. ठरलेल्या वेळी सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि मोजके दहा-बारा जण हजर होते. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पुढच्या वेळी तेवढ्याच दहा-बारा जणांनी वर्षभराचा आराखडा मंजूर केला. त्याच गावात निवडणुकीच्या प्रचारसभेला मैदान पुरले नव्हते आणि निकालाच्या दिवशी गुलालाने रस्ते लाल झाले होते. ‘कोण’ या प्रश्नासाठी हजारो आणि ‘कसे’ या प्रश्नासाठी बारा – आपल्या सार्वजनिक जीवनाचे सारे दुखणे या दोन आकड्यांत आहे.

नानाजींनी काय केले?

अशा वेळी नानाजी देशमुखांची आठवण होणे अपरिहार्य आहे. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेला हा मराठी माणूस उत्तर भारताच्या राजकारणात वाढला, १९७४ च्या आंदोलनात जयप्रकाशजींच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि १९७७ मध्ये उत्तर प्रदेशातील बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आला. मंत्रिपद समोर चालून आले. त्यांनी ते नाकारले. वयाची साठ वर्षे पूर्ण झालेल्यांनी सत्तेच्या राजकारणातून बाजूला व्हावे, असे त्यांनी मांडले आणि इतरांची वाट न पाहता ते स्वतः बाजूला झाले. ते ज्या क्षणी निघाले तो विजयाचा क्षण होता, हे लक्षात घेतले पाहिजे. हरल्यावर राजकारण सोडणारे पुष्कळ असतात.

आधी गोंडा जिल्ह्यात आणि पुढे चित्रकूटच्या परिसरात त्यांनी शेती, पाणी, शिक्षण आणि स्वावलंबन यांचे काम उभे केले. गावातील तंटे गावातच मिटवण्याचा जो प्रयोग तेथील गावांत झाला, त्याचे कौतुक २००५ मध्ये तेथे गेलेल्या राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी केले. २०१० मध्ये नानाजी गेले. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. आपण त्यांच्या प्रतिमेला हार घातले. त्यांचा मार्ग किती जणांनी घेतला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की, एक चित्रकूट सारा देश बदलू शकत नाही आणि प्रत्येकाने राजकारण सोडून चालणारही नाही. नानाजींचे अनुकरण म्हणजे राजकारणाचा संन्यास, असा अर्थ घेण्याचे कारण नाही. निवडणुकीनंतरच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्याने कोठे असले पाहिजे, याचे उत्तर त्यांनी आपल्या वागण्यातून दिले, एवढा बोध आपल्याला पुरेसा आहे.

त्या तरुणास

वरठीच्या त्या तरुणाला टपरीवर जे सांगता आले नाही, ते आता सांगतो.

बाबा रे, पुढच्या निवडणुकीत बूथवर जरूर बस. तू उठलास तर तुझ्या खुर्चीवर जो येऊन बसेल, त्याला पाटचारीशी काही देणेघेणे नसेल. परंतु मतमोजणी झाल्यावर यादी फेकून देऊ नकोस. त्या यादीतली शंभर नावे निवड. त्या शंभरांना ग्रामसभेला घेऊन जा. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. आजोळच्या पाटचारीसाठी माहितीच्या अधिकारात एक अर्ज कर – काम किती झाले, देयक किती निघाले, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे. २००५ पासून तो अधिकार तुझ्या खिशात आहे आणि अर्जाची फी दहा रुपये आहे, चहाच्या एका फेरीएवढी. उत्तर आले की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखव. आपल्या पक्षाचे सरकार असले तरी वाच. किंबहुना आपल्या पक्षाचे असेल तर अधिक मोठ्याने वाच. विरोधकाला प्रश्न विचारायला धैर्य लागत नाही, आपल्या माणसाला विचारायला लागते. आणि उमेदवार पुन्हा दारी आला की बोनसचे विचारू नकोस, पाटचारीचे विचार.

यातून उद्या पाणी येईल, असे आश्वासन मी देणार नाही. खोटी आश्वासने देणारे पुष्कळ आहेत. एवढे मात्र निश्चित की, ज्या गावात शंभर माणसे वर्षातून चार वेळा एकत्र बसतात आणि हिशेब मागतात, त्या गावाला कोणताही खासदार, कोणताही कंत्राटदार आणि कोणताही अधिकारी गृहीत धरू शकत नाही. व्यवस्था बदलते ती अशी. एकेका गावाने गृहीत धरले जाण्याचे नाकारले म्हणजे.

संध्याकाळची गाडी भंडारा रोडला थांबते तेव्हा अनुभवी प्रवासी पाटीकडे पाहतही नाहीत. पिशवी खांद्यावर टाकतात, जिना चढून बाहेर येतात आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागतात. स्थानकावर ते रागावलेले नसतात, कारण गाव पुढे आहे हे त्यांना ठाऊक असते.